सामुदायिक जबाबदारी

४ मार्च १९७९, रविवार

आजपासून मी चंद्रहास स्पोर्टिंग क्लबच्या मुलींच्या फुटबॉल संघाची लेडी मॅनेजर. पंधरा वर्षं शाळेत ड्रिल शिकवते आहे, पण मॅनेजर असं मला कोणी म्हटलं नव्हतं. क्लब पुरुषांचा, जुना. मुलींचा संघ गेल्या वर्षीच काढला. बाहेरगावी सोबत बाईमाणूस असल्याशिवाय पालक मुली पाठवत नाहीत, म्हणून तुम्हाला बोलावलं, असं सेक्रेटरी केशवराव वकिलांनी सरळच सांगितलं. मला त्याचं काही वाटलं नाही. थोडं वाटलं.

कोच मधुसूदन सर. फौजेच्या टीममधून खेळायचे, गुडघा गेला म्हणून परत आले. बोलतात कमी. शाळेत मी सगळ्यांची 'बाई'. त्यांनी पहिल्याच दिवशी 'अरुंधती मॅडम' म्हटलं आणि बसायला खुर्ची मागवली.

मुली पंधरा. कप्तान प्रमोदिनी, केशवरावांची पुतणी. जूनमध्ये जबलपूरला सामने आहेत. तिथून मुलींची निवड पुढे होते म्हणतात.

११ मार्च, रविवार

पाचपावलीची अनुसया नावाची एक मुलगी आहे, सोळा वर्षांची. कोष्ट्यांची. बाप शालिकराम आधी घरी माग चालवायचा, आता गिरणीत जातो. आई मैनाबाई अजून मागासाठी सुताच्या कांड्या भरते. गल्लीत पोरांबरोबर खेळून शिकली. तिच्या पायात चेंडू आला की बाकीच्या चौदा जणी उभ्या आहेत असं वाटतं. आणि सारखी हसते. पडली तरी हसते, गोल हुकला तरी हसते.

मी सरांना म्हटलं, काय खेळते पोरगी. सर म्हणाले, "खेळते. पण टीममध्ये नाही खेळत, मॅडम. एकटी खेळते." मला तो फरक दिसला नव्हता. अशा गोष्टी त्यांच्याकडून शिकायला हव्यात.

२२ मार्च, गुरुवार

कॉलेजच्या मुलींकडून तीन-एकने हरलो. एक गोल अनुसयाचा.  मुली घरी गेल्यावर सर मला म्हणाले, या पोरींना कशाचीच जबाबदारी वाटत नाही, हरल्या काय नि जिंकल्या काय. तुम्ही शाळेत कसं करता?

मी सांगितलं की वर्गात एकीने बडबड केली तर मी सगळ्या वर्गाला उभं करते. मग मुलीच तिला गप्प करतात, मला ओरडावं लागत नाही.  सर म्हणाले, हेच पाहिजे.

ठरलं ते असं. जिच्याकडून चूक होईल तिने मैदानाचे राउंड मारायचे, आणि तिचे राउंड पूर्ण होईपर्यंत बाकी कोणीही पाणी प्यायचं नाही. माठाजवळ मी उभं राहायचं. सरांनी त्याला नावही दिलं, सामुदायिक जबाबदारी. कमिटीपुढे ते म्हणाले की ही कल्पना मॅडमची आहे. केशवरावांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

२ एप्रिल, सोमवार

नियम लागू पडला आहे. पहिल्या आठवड्यात मुली एकमेकींना सांभाळून घ्यायच्या, "हळू धाव वं, आम्ही थांबतो" म्हणायच्या. आता तसं राहिलं नाही. जी धावते तिला बाकीच्या रेषेवर उभ्या राहून हाका मारतात. एक बारकी मुलगी काल राउंड मारताना रडायला लागली, तर दुसरीने तिला दुपट्टा फेकून मारला. सर म्हणाले, आता टीम बनते आहे.

एक गोष्ट लिहून ठेवते. आज प्रमोदिनीने सरळ प्रतिपक्षाच्या पायात पास दिला. सर दुसरीकडे पाहत होते. अनुसया मोठ्याने म्हणाली, "सर, हिले नाही का चक्कर? की आम्हालेच हाय?" सगळ्या थांबल्या. सरांनी शांतपणे सांगितलं की प्रश्न विचारणं कप्तानाचं काम आहे, आणि अनुसयाला पाच राउंड दिले. ती पाचही राउंड हसत धावली.

मला वाटतं सरांना तो पास खरंच दिसला नसेल.

१५ एप्रिल, रविवार

अनुसया दोन दिवस आली नाही. उमरेडला चुलतबहिणीचं लग्न होतं. मला आधी सांगून गेली होती आणि मी सरांना सांगायची राहिले. आज ती आली, हाताला अजून हळद होती.

सरांनी सगळ्यांना गोल बसवलं, तिला मध्ये उभं केलं, आणि सांगितलं की प्रत्येकीने तिचा एकेक दोष सांगायचा, टीम प्रामाणिक असली पाहिजे. पहिल्या दोघी-तिघी लाजल्या. मग सुरू झालं. एकटीच गोल मारते. पुऱ्या आणते आणि कोणाला देत नाही. माझ्या डब्यातलं खाते. पायाला घाण वास येतो. प्रमोदिनी म्हणाली, हिच्या कपड्यांना खळीचा वास येतो, त्यामुळे बसमध्ये शेजारी बसवत नाही. खळ म्हणजे मागावरच्या सुताला लावतात ती, पिठाची. चौदा जणींचं झाल्यावर सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही?"

मी म्हणायला हवं होतं की ती मला सांगून गेली होती. पण त्या वेळी ते मध्येच काढणं बरं दिसलं नसतं, सरांचा सगळा कार्यक्रम मोडला असता. मी म्हटलं, "तू फार हसतेस, अनुसया."

ती माझ्याकडेच पाहत होती. मग तिने सगळ्यांची माफी मागितली, सरांनी सांगितलं तशी, एकेकीसमोर जाऊन.

२८ एप्रिल, शनिवार

अनुसया आता हसत नाही. वेळेच्या आधी येते, नेट बांधते, न सांगता माठ भरून ठेवते. प्रमोदिनीला चेंडू देते, स्वतः गोलावर मारतच नाही. सर म्हणाले, बघा, हीच पोरगी. तिच्यावर जास्त मेहनत घेतली कारण तिच्यात जास्त आहे, हेही म्हणाले. मला भरून आलं. आमच्या ड्रिलमास्तरांनी मलाही असंच घडवलं होतं.

६ मे, रविवार

जबलपूरचे सामने दुपारी चारला असतात, म्हणून आजपासून सराव साडेतीनला. अंगाची सवय मोडली पाहिजे, असं सरांचं मत. मैदानावर पाय ठेवला तर बुटातून चटका लागतो. मुली कानाला दुपट्टे बांधतात, खिशात कांदा ठेवतात. मी कडुनिंबाखाली माठाजवळ उभी असते तरी डोकं ठणकतं.

सरांना विचारलं, पाचला घेतलं तर? ते म्हणाले, "मॅडम, मुलींच्या आया असं बोलल्या तर मी समजू शकतो. तुमच्याकडून नव्हतं वाटलं." दिवसभर तेच डोक्यात आहे. परत विचारणार नाही.

१७ मे, गुरुवार

काय झालं ते क्रमाने लिहिते म्हणजे मलाच नीट कळेल.

अनुसया सव्वातीनला आली. माठ भरला. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, रातीपासून अंगात कसकस हाय. सरले सांगू का?" मी तिच्या कपाळाला हात लावला. गरम होतं, पण या दिवसांत सगळ्यांचंच कपाळ गरम असतं. मी म्हटलं, तुझं तू ठरव, पण तू बसलीस तर सर काय म्हणतील ते तुला माहीत आहे. ती म्हणाली, "मंग राहू द्या." बूट बांधले.

चारला दहा मिनिटं असताना तिने लांब पास टाकला. प्रमोदिनी जागची हलली नाही आणि चेंडू बाहेर गेला. सर म्हणाले, अनुसया, नऊ राउंड.

बाकीच्या माठाजवळ येऊन उभ्या राहिल्या. बसायचं नाही, असा नियम आहे. पहिले तीन-चार राउंड ती बरी धावली. मुली ओरडत होत्या, धाव वं, मेलो आम्ही तुझ्या पायी. पाचव्याला पाय ओढायला लागली. सहाव्या राउंडला माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, "बाई, एक घोट." ओठ पांढरे झाले होते. मी सरांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते. मी म्हटलं, "तीन राहिले."

सातव्याला ती उलट्या दिशेने धावायला लागली आणि नेटमध्ये जाऊन अडकली. मुली हसल्या. मलाही, खरं सांगायचं तर, हसू आलं. मग ती बसली आणि आडवी झाली.

सर म्हणाले, उठवू नका, नाटक आहे, सावलीत नेलं की रोज एक पडेल. माझ्या घड्याळात चार वाजून बारा मिनिटं झाली होती. प्रमोदिनीने विचारलं, "सर, आता पाणी प्यावं का?" सर म्हणाले की राउंड पूर्ण झालेले नाहीत. कोणीच हललं नाही. कोणी तिच्याकडे गेलं नाही. मीही नाही. साडेचारला मी गेले, कारण तिचा पाय झटके देत होता.

अंग तव्यासारखं होतं. घामाचा एक थेंब नव्हता, कातडी कोरडी. मी माठातलं पाणी तिच्या तोंडात घातलं तर बाहेर आलं. रिक्षात माझ्या मांडीवर डोकं होतं. "कांडी संपली माय, कांडी संपली," एवढंच म्हणत होती.

मुली नंतर पाणी प्यायल्या की नाही, मला माहीत नाही.

१८ मे, शुक्रवार

शुद्ध नाही. मोठ्या दवाखान्यात बर्फावर ठेवली आहे. डॉक्टर तरुण आहे, रागीट. विचारलं, किती वेळ उन्हात होती, पाणी कधी प्यायली होती. मी म्हटलं, खेळता खेळता अचानक पडली. किती वेळाने आणलं? मी म्हटलं, लगेच.

लगेचच म्हणायला हवं. घड्याळ बघत का कोणी असतं?

मैनाबाई खाली जमिनीवर बसून होती. मला पाहून उठली, तिला मी हाताला धरून बसवलं. ती म्हणाली, तुम्ही होत्या म्हणून बरं झालं बाई, नाही तर कोण आणलं असतं.

२६ मे, शनिवार

जीव वाचला. केशवरावांकडे बैठक झाली. ते फार समजुतीने बोलले. कोणावर ठपका यावा असं कोणाला वाटत नाही. पण गिरणीत युनियन आहे, कोणी बापाच्या कानात काही भरवलं तर क्लब बंद होईल, आणि मग पुढच्या शंभर मुलींचं काय? ते मला पटलं. हजेरीपुस्तकात सरावाची वेळ साडेतीन अशी माझ्या हातची होती. त्या महिन्याची पानं मी पुन्हा लिहून काढली. साडेपाच. खाडाखोड नको म्हणून नवीनच पुस्तक घेतलं. शाईसुद्धा तीच वापरली.

निघताना सर फाटकापर्यंत आले. म्हणाले, "तुम्ही नसत्या तर मी मोडलो असतो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतकी वर्षं कोणी माझ्याजवळ असं बोललं नव्हतं.

१० जून, रविवार, जबलपूर

जिंकलो. अंतिम सामन्यात दोन-एक, दुसरा गोल प्रमोदिनीचा. तिला हार घातले. सरांनी आपल्या गळ्यातला हार काढून माझ्या हातात दिला. सामने दुपारी चारला नव्हते, सकाळी साडेसातला होते. उन्हामुळे वेळ बदलली म्हणे, एप्रिलमध्येच पत्र आलं होतं. मी सरांना विचारलं नाही. आजच्या दिवशी विचारण्यासारखं ते नव्हतं.

मुली गाडीत गाणी म्हणत होत्या. अनुसयाचं नाव एकीनेही काढलं नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते.

१ जुलै, रविवार

शेवटी शालिकरामने अर्ज दिलाच. कोणाकडून तरी लिहून घेतलेला, चार ओळींचा. आमच्या पोरीला काय झालं ते क्लबने सांगावं, बस. कमिटीने चौकशी ठेवली. केशवराव म्हणाले की सगळं उघड झालं पाहिजे, अनुसयालाही बोलवा.

दीड महिन्यानंतर तिला पाहिलं. बापाच्या खांद्याला धरून आली. चालते, पण पाय फाकवून, जमीन हलत असल्यासारखी. खुर्चीवर हात ठेवायला गेली तर हात बाजूला गेला. बोलणं दारू प्यालेल्या माणसासारखं झालं आहे. एकेक शब्द जुळवते आणि मध्ये थांबते. डॉक्टर म्हणतात, हे असंच राहणार. डोकं मात्र पहिल्यासारखं आहे, सगळं समजतं.

आधी मुली एकेक करून आल्या. सगळ्यांनी तेच सांगितलं, सराव साडेपाचचा होता, माठ जवळ होता, पाहिजे तेव्हा पाणी प्यायची मुभा होती. मी काही शिकवलं नव्हतं. फक्त प्रमोदिनीशी एकदा बोलले होते. मग माझी पाळी. पाणी मागितलं होतं का, या प्रश्नाला मी नाही म्हटलं. खरं तर आता मला ते ठळक आठवतही नाही. त्या गोंगाटात कोण काय म्हणालं, कसं सांगणार?

केशवरावांनी अनुसयाला हळू आवाजात विचारलं, "बेटा, तुला बरं नाही हे तू कोणाला सांगितलं होतंस?"

ती माझ्याकडे वळली. मी समोरचं हजेरीपुस्तक सरळ केलं. ती इतका वेळ पाहत होती की शालिकराम म्हणाला, बोल वं माय, साहेब विचारून राहिले.

"को... कोणाले नाही," ती म्हणाली. "मी... मीच सांगाले पाहिजे होतं. टीमले... टीमले माझ्या पायी... तरास झाला."

केशवरावांनी लिहून घेतलं: 'खेळाडूने आजार लपवल्याची जबाबदारी स्वतः मान्य केली.' शालिकरामला वाचून दाखवलं. त्याने विचारलं, म्हणजे चूक आमच्याच पोरीची होय ना? केशवराव म्हणाले, चूक म्हणू नका, लहान वय. त्याने दोन्ही हात जोडले आणि सही केली. मोठ्या कष्टाने सही करतो, जीभ बाहेर काढून.

सर मला बाहेर म्हणाले, पाहिलंत? पोरीत जबाबदारी आली. मी हो म्हटलं. मग क्लबच्या मोरीत जाऊन उलटी केली. दुपारी कढी जास्त आंबट झाली होती.

८ जुलै, रविवार

कमिटीने मुलींचा वेगळा विभाग केला, मला त्याची प्रमुख केलं. नियम तसाच ठेवला, फक्त उन्हाळ्यात सराव सकाळी. जरीपटक्याची एक मुलगी नवीन येणार आहे, अनुसयाच्या जागी. तिला बूट नाहीत. अनुसयाकडचे बूट आणि सहा नंबरची जर्सी क्लबची मालमत्ता आहे, ती परत आणायला हवी. शिपायाला पाठवलं तर बरं दिसणार नाही, तुम्ही जा, असं केशवराव म्हणाले.

१५ जुलै, रविवार

आज पाचपावलीला जाऊन आले.

गल्लीत सगळीकडे माग बंद, एखाद-दुसरा चालू. मैनाबाईने मला पाहून बाज झटकली, वर धुतलेली चादर घातली. मी येणार हे कळलं नव्हतं तरी जर्सी घडी करून ठेवलेली होती, इस्त्री केल्यासारखी. बुटांना तेल लावलं होतं. ती म्हणाली, पोरगीच रोज पुसते, हात थरथरतो तर एका बुटाला तास लागतो.

अनुसया भिंतीला टेकून बसली होती, पुढ्यात कांड्यांचं टोपलं. बोटांत धागा धरला जात नाही म्हणून आई तिला नुसत्या मोजायला देते. मला पाहून उठायला लागली. मी नको म्हटलं.

मी बूट पिशवीत घालत होते तेवढ्यात मैनाबाईने पितळी गडवा भरून पाणी आणलं. "घ्या बाई, दुरून आल्या." हवा कोंदट होती, मला तहान लागली होती. मी सगळं प्यायले. ती समोर उभी राहून मी पिईपर्यंत पाहत होती. गडवा परत घेताना म्हणाली, "बाई, मी कोणाले विचारलं नाही. तुम्ही तिथं होत्या म्हणून विचारतो. त्या दिवशी तिनं पाणी मांगलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही हो. तुमची अनुसया मागणाऱ्यातली नव्हतीच."

तिचा चेहरा उजळला, खोटं नाही सांगत. "हो," म्हणाली, "लहानपणापासून तशीच हाय. उपाशी राहीन, पण मांगन नाही." आणि पदराने डोळे पुसले.

बरं वाटलं. निदान एवढं तरी तिला देता आलं.

अनुसयाने टोपलं बाजूला सारलं. तिने तोंड उघडलं, ओठ हलायला लागले. तिला पहिला शब्द जुळवायला फार वेळ लागतो. माझी प्रतापनगरची बस साडेपाचला होती, ती चुकली असती तर पुढची तासाभराने. मी पिशवी उचलली आणि निघाले.